नेट चालत नाही? आधी कार्डाला विचारा!

लिनक्स टाकलं, स्क्रीन आली, आवाज आला, टचपॅडसुद्धा चाललं... फक्त नेट नाही! आमच्या होस्टेलवर दर सेमिस्टरला हे गाऱ्हाणं घेऊन कुणी ना कुणी माझ्या रूमवर येतो. त्याचं पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, "म्हणून मी दोनदा परत इन्स्टॉल केलं." मित्रांनो, तिसऱ्यांदा केलंत तरी तेच होणार! कार्डापासून ब्राउझरपर्यंत एक साखळी असते, तिची एखादी कडी सुटलेली असते, आणि ती कोणती हे यंत्र स्वतः सांगायला तयार असतं. आपण विचारत नाही, एवढंच.

तर हा लेख त्या विचारण्याबद्दल. आधी एक सूचना. हा मराठी विभाग असल्यामुळे सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या. म्हणजे 'एलएसपीसीआय' ही एल, एस, पी, सी, आय अशी पाच अक्षरं झाली. आज्ञेपुढची आडवी रेघ 'डॅश' म्हणून लिहिली आहे.

कार्ड दिसतंय का?

लॅपटॉपमधलं नेटवर्क कार्ड बहुतेक वेळा पीसीआय एक्सप्रेस बसला जोडलेलं असतं, क्वचित आतल्या आत यूएसबीला. बसवरच्या प्रत्येक उपकरणात दोन आकडे असतात, एक बनवणाऱ्या कंपनीचा आणि दुसरा मॉडेलचा. दोन्ही सोळा बिटांचे, हेक्साडेसिमलमध्ये लिहिलेले. कार्यप्रणाली ड्रायव्हर शोधते ती या आकड्यांवरून. लॅपटॉपच्या झाकणावरचं नाव तिच्या लेखी शून्य, आणि आपल्याही लेखी शून्यच असावं, कारण एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप घेतले तरी आत कार्डं वेगवेगळी निघू शकतात. "माझ्या मित्राच्या सेम लॅपटॉपवर चालतंय" या वाक्याला म्हणून अर्थ नाही.

टर्मिनल उघडा आणि 'एलएसपीसीआय डॅश एनएनके' द्या. यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' शोधा. चौकोनी कंसात दोन आकडे दिसतील. रियलटेकचा आकडा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४, अथेरॉसचा १६८सी. आणि इंटेलचा? ८०८६! मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्ये ज्या चिपनं आपल्याला रडवलं, तिचाच नंबर इंटेलनं कंपनीचा क्रमांक म्हणून घेतला आहे. व्हायवात कुणी विचारणार नाही, पण लक्षात राहायला बरं.

त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असेल तर ड्रायव्हरनं कार्ड ताब्यात घेतलं आहे. नुसतीच 'कर्नल मॉड्यूल्स' ओळ असेल तर ड्रायव्हर डिस्कवर आहे, कार्डाशी त्याचं जमलेलं नाही. दोन्ही ओळी नसतील तर या कर्नलला ते कार्ड ओळखीचं नाही. आणि कार्डच यादीत नसेल तर 'एलएसयूएसबी' देऊन बघा, तिथंही नसेल तर बायोसमध्ये जाऊन ते बंद केलेलं नाही ना ते बघा. या चार शक्यतांचे उपाय चार आहेत. इथंच बहुतेक जण घाई करतात आणि फोनवर सापडलेल्या दहा आज्ञा एकामागून एक मारत सुटतात.

चंदगडातला लॅपटॉप

आता उदाहरण घरचंच देतो. मी चंदगडचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर कोल्हापूर जिल्ह्याचं दक्षिण टोक. एका बाजूला बेळगाव, दुसऱ्या बाजूला घाट उतरला की तळकोकण आणि गोवा. जिल्ह्याचं ठिकाण शंभर किलोमीटरहून लांब, त्यामुळं कपड्यापासून काँप्युटरपर्यंत आमचा बाजार बेळगावात. आणि पावसाळा म्हणजे काय हे जुलैत येऊन बघावं, वाळत घातलेला टॉवेल आठवडाभर वाळत नाही!

२०२३ च्या जुलैत धाकट्या बहिणीला इंजिनियरिंग प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरायचा होता. तुम्ही-आम्ही सगळ्यांनी भरलेलाच तो फॉर्म. कॉलेजांचे कोड, त्यांचा क्रम, गेल्या वर्षीचे कटऑफ... फोनच्या चार बोटांच्या स्क्रीनवर हे करताना एक कोड वर सरकवायला गेलं की दुसरा खाली जातो. म्हणून पुण्याच्या चुलतभावाकडून त्याचा जुना लॅपटॉप आणला होता आणि मी त्यावर लॅबमधल्या डिस्कवरून डेबियन ११ टाकलं होतं. सगळं झकास, फक्त वायफायचं चिन्हच नाही. मुदतीला तीन दिवस होते.

बाबांनी बेळगावच्या एका दुकानात फोन लावला. तिकडून न बघताच निदान आलं, "कार्ड गेलंय, बदलायला लागंल." बाबा म्हणाले, "उद्या पहाटेच्या गाडीनं जाऊन बदलून आणूया की." मी म्हटलं, "बाबा, रात्रभर थांबा. गेलंय का नाही ते आधी बघू."

एलएसपीसीआयनं उत्तर दिलं, इंटेल सेंट्रिनो ॲडव्हान्स्ड-एन ६२०५, आकडे ८०८६ आणि ००८५. म्हणजे कार्ड बसवर जिवंत होतं, आपलं नाव-गाव सांगत होतं. मेलेलं कार्ड बहुधा एवढंही बोलत नाही. खाली 'कर्नल मॉड्यूल्स'समोर आयडब्ल्यूएलवायफाय होतं, पण 'इन यूज'ची ओळ नव्हती. वर सांगितलेली दुसरी शक्यता! ड्रायव्हर आहे, जमलेलं नाही.

का जमलं नाही हे विचारायची आज्ञा 'डीएमईएसजी'. कर्नल सुरू झाल्यापासून काय काय बोललं त्याची ही डायरी. ती सबंध वाचत बसायचं नाही. ग्रेपनं आयडब्ल्यूएल असलेल्या ओळी गाळून घेतल्या. त्यात लिहिलं होतं की 'आयडब्ल्यूएलवायफाय-६०००जी२ए-६ डॉट यूकोड' ही फर्मवेअरची फाइल चढवता आली नाही, एरर उणे दोन.

हा उणे दोन आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. सी मध्ये नसलेली फाइल एफओपननं उघडायला गेलं की एररनोमध्ये जो २ येतो, तोच हा. अर्थ सरळ, 'अशी फाइल किंवा फोल्डर नाही'. कर्नलच्या आत चुका उणे आकड्यांनी परत पाठवायची पद्धत आहे म्हणून उणे. एका आकड्यानं दुकानदाराचं निदान मोडीत काढलं. कार्ड गेलेलं नव्हतं, डिस्कवर एक फाइल नव्हती. ती फाइल आकारानं एक एमबीसुद्धा नाही.

फर्मवेअर म्हणजे काय आणि ते का नव्हतं?

इथं जरा थांबू, कारण गोंधळ इथंच असतो. ड्रायव्हर आपल्या प्रोसेसरवर चालतो. पण वायफाय कार्डात स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो, रेडिओची वेळ सांभाळणं वगैरे कामं तो करतो. त्याला लागणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. तो कायमचा कार्डातच ठेवायचा तर कार्डावर फ्लॅश मेमरी हवी, म्हणजे खर्च वाढला. त्याऐवजी कार्डाला नुसती रॅम देतात आणि दर वेळी मशीन चालू झालं की ड्रायव्हरनं डिस्कवरची फाइल उचलून कार्डाला भरवायची. लिनक्समध्ये या फाइली 'लिब'खालच्या 'फर्मवेअर' फोल्डरात असतात. फाइल नाही तर कार्ड उपाशी. उपाशी माणसाला आजारी समजून दवाखान्यात न्यावं, तसा आमचा बेळगावचा बेत होता!

मग डेबियननं ती फाइल दिली का नाही? कंपन्या फर्मवेअर वाटायला परवानगी देतात, पण त्याचा सोर्स देत नाहीत. डेबियनच्या मुक्ततेच्या व्याख्येत ते बसत नाही, म्हणून अशा फाइली 'नॉन-फ्री' नावाच्या वेगळ्या कप्प्यात असत आणि अधिकृत डिस्कवर नसत. यावर डेबियनवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं वाद झाला. शेवटी २०२२ मध्ये मतदान झालं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून अधिकृत डिस्कवरच फर्मवेअर येऊ लागलं. आमच्या लॅबमधली डिस्क त्याच्या आधीची. माझं मत विचाराल तर तत्त्व म्हणून जुनी बाजू बरोबर होती, पण ज्याच्याकडे दुसरं मशीनच नाही त्या मुलाला तत्त्व डाउनलोड करायलासुद्धा आधी नेट लागतं.

आणि हाच खरा पेच आहे. नेट चालू करायला फाइल हवी, फाइल आणायला नेट हवं. कोंबडी आधी की अंडं!

फोन हेच कार्ड

होस्टेलवर असाल तर उत्तर सोपं, लॅनची केबल लावा. बहुतेक वायरवाल्या कार्डांना फर्मवेअर न भरवताही चालतं. आमच्या घरी ना लॅन, ना राउटर. फोनला रेंज येते ती माळ्यावरच्या एका खिडकीत, तीही फोन उभा ठेवला तर. म्हणूनच वायफाय हवं होतं, की फोन वर खिडकीत राहील, हॉटस्पॉट चालू, आणि बहीण खाली कागदपत्रं पसरून बसेल.

यावरचा उपाय पुष्कळांना माहीत नसतो म्हणून ठळक सांगतो. फोन डेटा केबलनं लॅपटॉपला जोडायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करायचं. लिनक्सला तो फोन म्हणजे एक वायरवालं नेटवर्क कार्डच वाटतं! अँड्रॉइड फोनसाठी लागणारे ड्रायव्हर साध्या लिनक्स कर्नलबरोबर आधीपासून येतात, वेगळं काही टाकावं लागत नाही. फक्त केबल चार्जिंगपुरती नको, डेटावाली हवी. बाजारात पहिली जात फार.

लॅपटॉप उचलून माळ्यावर नेला, खिडकीशी उकिडवा बसलो, केबल लावली, दोन मिनिटांत पत्ता मिळाला. सोर्सेस डॉट लिस्ट फाइलमध्ये 'मेन'पुढं 'नॉन-फ्री' शब्द जोडला, एपीटी अपडेट केलं आणि फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय हे पॅकेज टाकलं. मग रीस्टार्ट न करता 'मॉडप्रोब डॅश आर आयडब्ल्यूएलवायफाय' देऊन ड्रायव्हर काढला आणि 'मॉडप्रोब आयडब्ल्यूएलवायफाय' देऊन परत घातला. डीएमईएसजीमध्ये फर्मवेअर चढल्याची ओळ आली, वर कोपऱ्यात चिन्ह आलं.

पण यादी रिकामी! शेजारी ठेवलेल्या फोनचा हॉटस्पॉटसुद्धा दिसेना.

अशा वेळी माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर पळतो. पळायचं नाही, पुढची कडी तपासायची. 'आरएफकिल लिस्ट' द्या. तिच्यात प्रत्येक रेडिओपुढं दोन ओळी असतात. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' म्हणजे सॉफ्टवेअरनं बंद केलेला, तो 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय'नं उघडतो. 'हार्ड ब्लॉक्ड' म्हणजे प्रत्यक्ष बटणानं बंद, तो कुठल्याही आज्ञेनं उघडत नाही, रूट होऊन ओरडलात तरी. आमच्याकडे 'हार्ड ब्लॉक्ड, येस' होतं. बॅटरी लावून लॅपटॉपच्या कडा बघितल्या, तर उजव्या बाजूला नखाएवढी सरकपट्टी, पुण्याहून येताना बॅगेत सरकलेली. ती पुढं केली आणि हॉटस्पॉट हजर.

आता गंमत बघा. आम्ही बेळगावला जाऊन नवं कार्ड बसवलं असतं, तरी ती पट्टी बंदच होती, नवं कार्डही मुकंच राहिलं असतं! शिवाय त्या पिढीतल्या काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये ठरावीक कार्डांचीच यादी असते, यादीबाहेरचं कार्ड घातलं तर मशीन सुरूच होत नाही. रात्री साडेअकराला बहीण खाली सतरंजीवर कागद मांडून बसली आणि वर ओरडली, "दादा, तो फोन हलवू नको हं आता!" फॉर्म दुसऱ्या दिवशी दुपारी लॉक झाला.

आधीच्या लोकांनी काय सोसलं

आमचे लॅबमधले सर म्हणतात, तुम्हाला सगळं तयार मिळालंय. खरं आहे. २००० नंतरच्या दशकात लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमच्या चिपा सर्रास असत आणि त्यांची माहिती कंपनी देत नसे. तेव्हा लोक एनडीआयएसरॅपर वापरत. विंडोज एक्सपीचाच ड्रायव्हर घ्यायचा आणि लिनक्सच्या कर्नलला त्याच्यासमोर विंडोजचं सोंग घ्यायला लावायचं! चालायचं, पण पडलं की का पडलं ते कुणालाच कळायचं नाही, कारण ड्रायव्हर बंद डब्यातला.

दुसरीकडे काही स्वयंसेवकांनी बंद ड्रायव्हर उलटा उसवून चिप कशी चालते ते लिहून काढलं. एका गटानं नुसतं वर्णन लिहायचं आणि ते वाचून दुसऱ्या गटानं नवा ड्रायव्हर लिहायचा, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप नको. तो ड्रायव्हर जून २००६ मध्ये २.६.१७ या कर्नलमध्ये आला. फर्मवेअर मात्र प्रत्येकानं मूळ ड्रायव्हरमधून 'एफडब्ल्यूकटर' नावाच्या साधनानं कापून काढायचं. ब्रॉडकॉमनं स्वतः खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये, तोही तेव्हाच्या नव्या चिपांसाठी.

ओपनबीएसडीचे थिओ द राट यांनी तर कंपन्यांमागं लागून चिपांची माहिती आणि फर्मवेअर वाटायची परवानगी मागायची मोहीमच चालवली. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा २००४ चा पुरस्कार त्यांना मिळाला.

बीएसडीवर नाव वाचूनच कळतं

आपल्यापैकी दोघं-तिघं फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी वापरून बघतायत, त्यांच्यासाठी थोडं. तिथं इंटरफेसचं नाव ड्रायव्हरवरून पडतं. माझं वरचं कार्ड तिथं आयडब्ल्यूएन० म्हणून दिसतं, रियलटेकचं गिगाबिट लॅन आरई० म्हणून. त्यामुळं ओपनबीएसडीवर 'आयएफकॉन्फिग' दिलं की ड्रायव्हर बसला का नाही ते नावातच समजतं. लिनक्सवर २०१३ पासून सिस्टमडीनं वेगळी रीत आणली. डब्ल्यूएलपी३एस० म्हणजे वायरलेस, पीसीआय बस ३, स्लॉट ०. दिसायला ओबडधोबड, पण कार्ड कुठं बसलंय ते सांगणारं नाव.

ओपनबीएसडी न वाटता येणारं फर्मवेअर वेगळं ठेवते आणि ते 'एफडब्ल्यू अपडेट' या आज्ञेनं आणावं लागतं. म्हणजे पुन्हा तेच, आधी नेट हवं! तिथंही लॅन किंवा फोनची केबल कामाला येते, नाहीतर पेनड्राइव्हवरून फाइल द्यायची.

कार्ड चाललं तरी नेट नाही

इथून पुढं कार्डाचा दोष नसतो, तरी खापर त्याच्यावरच फुटतं. 'आयपी ॲड्रेस' देऊन बघा. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरच्या डीएचसीपीनं पत्ता दिलेलाच नाही, मशीननं आपला आपण घेतला आहे. पत्ता नीट असेल तर '८.८.८.८'ला पिंग करा. आकड्याला पिंग जातं आणि नावाला जात नाही, तर घोळ डीएनएसचा. दोन्हीला जातं आणि ब्राउझर उघडत नाही, तर होस्टेलचं लॉगिनचं पान आधी उघडा. ही शेवटची गोष्ट मी निम्म्या लोकांना सांगतो आणि ते "अरे हो!" म्हणून जातात.

नव्या कोऱ्या लॅपटॉपची तऱ्हा उलटी. तिथं कार्ड नवं आणि कर्नल जुनं. मीडियाटेकच्या एमटी७९२१ चा ड्रायव्हर ५.१२ या कर्नलपासून, म्हणजे एप्रिल २०२१ पासून आहे. रियलटेकच्या नव्या कार्डांचा आरटीडब्ल्यू८९ हा ५.१६ पासून, जानेवारी २०२२ पासून. 'यूनेम डॅश आर' देऊन आपलं कर्नल त्याच्या आधीचं निघालं तर डोकं फोडण्यात अर्थ नाही, नवी आवृत्ती टाका. बाहेरून आणलेला ड्रायव्हर डीकेएमएसनं बसवला असेल तर कर्नल अपडेट झाल्यावर तो परत बांधावा लागतो, आणि त्यासाठी कर्नलचे हेडर असले पाहिजेत. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही, हेही डीएमईएसजीच सांगतं.

माझ्या रूममध्ये एका डब्यात डेटा केबल, यूएसबीचं लॅन ॲडॅप्टर आणि फर्मवेअरची पॅकेजं भरलेला पेनड्राइव्ह ठेवलेला असतो. केव्हाही न्या, आणून द्या. येताना एलएसपीसीआय, डीएमईएसजी आणि आरएफकिल या तिघांच्या उत्तरांचा फोनवर फोटो काढून आणा. नुसतं "नेट चालत नाही" म्हणत आलात, तर आधी चहा तुमच्याकडून!